वाचून दाखविले

गोजाबाईचा मला हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं.

मी अर्ज लिहितो. चिंचवड स्टेशनाबाहेर चिंचेखाली माझी पेटी असते, पेटीवर दौत, टाक आणि टीपकागद. आकुर्डीपासून चाकणपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात, कारण 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' पासून 'कळावे, लोभ असावा' पर्यंत माझ्या अर्जात कुठे खोट निघत नाही. वडिलांकडून हा धंदा माझ्याकडे आला आणि धंद्याबरोबर एक नियम आला. लिहून झालं की शब्दन्‌शब्द वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. अंगठ्याशेजारी लिहायचं, 'वाचून दाखविले, समजले, कबूल', आणि अगदी खाली, 'लिहिणार मारुतराव कोंडाजी'. वडील म्हणायचे, न वाचता अंगठा घेणारा आणि खिसा कापणारा यात फरक एवढाच, की खिसा कापणारा निदान पळून जातो. वीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आमची उंबरवाडी आकुर्डीच्या पलीकडे माळाला लागून आहे. सव्वीस घरं आणि गोड्या पाण्याची एक विहीर. चौपन्न साली दिल्ली सरकारने माळावर मालाचं आगार बांधलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि विहीर कुंपणाच्या आत गेली. नकाशा काढणाऱ्याला ती दिसलीच नाही, की दिसूनही दिसली नाही, देव जाणे. त्या दिवसापासून वाडीच्या बायका डोक्यावर घागर घेऊन पवनेवर जायला लागल्या. जायला सव्वा मैल, यायला सव्वा मैल, आणि येताना चढ. त्यांत माझी बायको रुक्मिणीबाईही होती.

मी काय हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. तीन वर्षांत अकरा अर्ज लिहिले. मामलेदाराला, कलेक्टरला, मुंबईला, दिल्लीला. प्रत्येकाचं उत्तर आलं आणि प्रत्येक उत्तरात एकच वाक्य होतं. आपला अर्ज मिळाला, तो योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविला आहे. पुढे म्हणजे कुठे ते कुणी लिहिलं नाही.

सत्तावन्नच्या निवडणुकीत नानासाहेब नावाचे वकील आमच्या भागातून लोकसभेवर निवडून गेले. कार्तिकात ते आभार मानायला वाडीत यायचे होते. मी चौदा पानी निवेदन तयार केलं. लाल फीत बांधली. परिशिष्टं जोडली, अ, ब आणि क. देवळापुढे सगळा गाव जमला होता आणि मी पुढे होऊन घसा खाकरला, तेवढ्यात गर्दीतून गोजाबाई आली. रिकामी घागर काखेत तशीच.

गोजाबाई पंचावन्नची, विधवा. मुलगा खडकीला कामाला, घरात सून शालन आणि तिचं तान्हं. अक्षराशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती नानासाहेबांना म्हणाली, "सायेब, हीर आमची हाय. आमी तारंतनं बगतो तिला. आत तुमचा पहारेकरी त्या पान्यानं अंगणात सडा मारतो. तुमी पंधरा दिस माज्या घरी ऱ्हावा, पवनेवनं पानी आना, आन मंग जावा दिल्लीला."

नानासाहेब आधी हसले. मग हसायचे थांबले, खिशातून एक पत्राचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर तिचं बोलणं टिपून घेतलं. दोनदा विचारून घेतलं. माझी चौदा पानं त्यांच्या कारकुनाने काखेला मारली आणि मोटारीत शिरताना सीटवर ठेवून त्यांवरच बैठक मारली. मी डोळ्यांनी पाहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वाडीची सगळी पत्रं पोस्टमन माझ्या पेटीवर आणून टाकतो, कारण वाचायची मलाच असतात. पाकिटावर दिल्लीचा शिक्का आणि सुरेख अक्षरात, 'श्रीमती गोजाबाई, मुक्काम उंबरवाडी'. मी ते पाकीट तीनदा उलटंपालटं केलं. तीन वर्षं दिल्लीला कागद मी पाठवले आणि पहिलं बोलकं उत्तर आलं ते या बाईला.

संध्याकाळी देवळापुढे ते मला मोठ्याने वाचावं लागलं. नानासाहेबांनी लिहिलं होतं की आपण सांगितलेली हकीकत मी येत्या अधिवेशनात लोकसभेत तारांकित प्रश्न म्हणून विचारणार आहे.

"ताराकीत म्हंजी?" गोजाबाईने विचारलं.

"प्रश्नाच्या डोक्यावर चांदणीची खूण असते," मी सांगितलं. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. "बिनचांदणीच्या प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं. चांदणी असली की मंत्र्याला भर सभेत उभं राहून तोंडाने उत्तर द्यावं लागतं. शिवाय वरून पुरवणी प्रश्न विचारता येतात, म्हणजे त्याला सहजासहजी निसटता येत नाही."

"बाई गं," शालन म्हणाली, "आत्याबाईंची चांदणी!"

झालं. त्या दिवसापासून सगळी वाडी त्याला गोजाबाईची चांदणी म्हणायला लागली. चांदणी कधी लागायची, चांदणीचं काय झालं, हाच विषय. पाराखाली, पिठाच्या गिरणीत, पवनेच्या वाटेवर. मला रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, आणि मी त्यांना समजावून सांगायचो की प्रश्नाला दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते, सभापती तो मान्य करतात, मग तो छापला जातो. सगळी रीत मी सांगायची आणि नाव मात्र तिचं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जेवताना घास उतरेना. रुक्मिणीबाई एकदा ताट उचलताना म्हणाली, "पोटात दुखतंया व्हय? ववा देऊ का थोडा?"

"माझ्या पोटाला काही झालेलं नाही."

"मला ठावं हाय काय झालंय ते. त्याला ववा लागू पडत न्हाई."

बायकोला कळलं म्हणजे सगळ्या वाडीला कळलं असणार, असं वाटून मी आणखी चिडलो. आणि चिडूनच पुण्याची गाडी पकडली.

पुण्यात एका वकिलाला गाठलं. म्हटलं, विहिरीसाठी सरकारवर दावा लावायचा, माझ्या एकट्याच्या नावाने. वकील म्हणाला, सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हटलं, द्या. फेब्रुवारीत दावा दाखल झाला. 'मारुतराव कोंडाजी विरुद्ध भारत सरकार.' हे पाच शब्द मी परतीच्या गाडीत चिंचवडपर्यंत मनातल्या मनात घोळवले. गावात कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. निकाल हातात पडला की एकदम सांगायचं, आणि मग बघू कुणाची चांदणी चमकते ते. पाणी मिळावं असं मला वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं. पण ते माझ्यामुळे मिळावं असं जास्त वाटत होतं.

महिनाअखेरीस नानासाहेबांचं दुसरं पत्र आलं. तेही गोजाबाईला. प्रश्न मान्य झाला होता, मार्चच्या अखेरीस सभेपुढे यायचा होता. पुरवणी प्रश्न विचारायला त्यांना माहिती हवी होती. विहीर कुणी आणि कधी खणली, वाडीत घरं किती, पवना किती लांब. उत्तर उलट टपालाने पाठवा म्हणून लिहिलं होतं.

गोजाबाई माझ्या पेटीपुढे येऊन बसली आणि सांगायला लागली. विहीर सगळ्या वाडीने मिळून खणली, पिलेगाच्या दुसऱ्या वर्षी, तिचा सासरा दगड फोडायला होता. घरं तिने बोटांवर मोजली, नावं घेत घेत, सव्वीस.

"पवना किती मैल?" मी विचारलं.

"मैल मला ठावं न्हाई. भरली घागर घिऊन येताना तीनदा टेकावं लागतंया. शालन लेकुरवाळी, ती पाचदा टेकती. त्येच ल्ह्या."

मी लिहिलं. लिहिताना कान तापले. चौदा पानं आणि तीन परिशिष्टं, पण असलं एक वाक्य त्यात नव्हतं. उद्या हेच वाक्य नानासाहेब भर लोकसभेत वाचणार, मंत्री निरुत्तर होणार आणि वर्तमानपत्रात येणार. आणि ते लिहिणाऱ्या हाताचं नाव? ते अगदी तळाला, अंगठ्याच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही.

मग मी टाक दौतीत बुडवला आणि तिने न सांगितलेलं एक वाक्य लिहिलं. 'सदर विहिरीबाबत येथील मारुतराव कोंडाजी यांनी पुणे येथील कोर्टात भारत सरकारविरुद्ध दावा दाखल केला आहे, हेही आपले माहितीस असावे.'

नाव दिल्लीला जावं, एवढीच इच्छा होती. दुसरं काही मनात नव्हतं, आईशप्पथ.

"वाचा आता," गोजाबाई म्हणाली.

मी वाचायला लागलो. पिलेगाचं वर्ष वाचलं, सव्वीस घरं वाचली, तीनदा टेकणं वाचलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. त्या वाक्याशी आलो, आणि माझा आवाज त्यावरून सरळ पुढे गेला. "कळावे, आपली नम्र," असं म्हणून मी कागद खाली ठेवला. तिने अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली, दाबला आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं, 'वाचून दाखविले, समजले, कबूल'.

मार्चच्या मध्यावर तिसरं पत्र आलं. ते मी आधी एकट्याने वाचलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

नानासाहेबांनी लिहिलं होतं, 'आपण पत्रात कळविलेल्या मारुतराव कोंडाजी यांच्या दाव्यामुळे प्रश्न मागे घ्यावा लागत आहे. जी बाब न्यायप्रविष्ट आहे तिच्याविषयी लोकसभेत प्रश्न विचारता येत नाही. हे मला ठाऊक झाल्यावर सभापतींपासून लपविणे योग्य नव्हते. दावा चालू आहे तोवर माझा इलाज नाही. फार वाईट वाटते.'

सूचनेचे दहा दिवस मला माहीत होते. चांदणी माहीत होती, पुरवणी प्रश्न माहीत होते. हा एक नियम मात्र माहीत नव्हता.

देवळापुढे वाचून दाखवताना मी नाव गाळलं. "कुणीतरी कोर्टात दावा लावलाय, म्हणून प्रश्न घेता येत नाही," एवढंच सांगितलं. ही दुसरी वेळ. दुसऱ्यांदा आवाज अडखळलासुद्धा नाही.

"कोन त्यो?" गोजाबाईने विचारलं.

"नाव दिलेलं नाही."

तिने पदर कमरेला खोचला. मग तिने त्या बेनाव माणसाला तिथेच देवाच्या साक्षीने अशा शिव्या घातल्या की पोरंसोरं खिदळायला लागली. पुढे ते रोजचंच झालं. घागर घेऊन निघाली की शिव्या, चढावर टेकली की शिव्या. माझ्या दारावरून जाताना ती दमलेली असली, तर शालन तिच्या वतीने घालायची. रुक्मिणीबाईही त्यांच्यात. घरी येऊन घागर उतरवताना माझी सख्खी बायको म्हणायची, "कोन मुडदा हाय कुनाला ठावं!" आणि मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो.

तेव्हाच दावा काढून घ्यायला हवा होता. एक अर्ज, एक सही, आणि अर्ज लिहिणं हा तर माझा धंदा. पण मी घेतला नाही. का ते सांगतो. एप्रिलमध्ये तारीख पडली, मग मेमध्ये पडली, आणि प्रत्येक तारखेला कोर्टाचा पट्टेवाला व्हरांड्यात येऊन ओरडायचा, "मारुतराव कोंडाजी हाजिर है?" तो पुकारा ऐकायला बरा वाटायचा. वाटायचं, लागलाच निकाल माझ्यासारखा तर सगळं फिटेल. मग शिव्या गिळून ह्याच बायका माझी आरती ओवाळतील. उन्हाळा वाढत होता, पवनेची धार बारीक होत होती, बायकांना वाळूत झरे खणून वाटीने घागर भरावी लागत होती, आणि मी पुकारा ऐकायला पुण्याला जात होतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात चढावर गोजाबाईचा पाय घसरला. शालनचं पोर तापलं होतं म्हणून त्या दिवशी तिने सुनेची खेपही स्वतःच घेतली होती. घागर सांभाळायच्या नादात ती हातावर पडली. घागरही गेली आणि मनगटही. माणच्या हाडवैद्याने फळ्या बांधल्या, पण सांधलं ते वाकडं. अंगठा तळव्याकडे वळला तो वळलाच.

मी बघायला गेलो. तेव्हाही ती म्हणाली, "मारुतराव, त्यो मुडदा मला एकदा दावा फकस्त."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो आणि दावा काढून घेतला. वकिलाला वाटलं मला ऊन लागलं. जूनच्या तारखेला पुकारा झाला नाही. नानासाहेबांना मी स्वतःच चार ओळी लिहिल्या की दावा आता उरलेला नाही, प्रश्न विचारावा. खाली माझं नाव घातलं, पण ते घालताना मला कसलाही आनंद झाला नाही.

ऑगस्टच्या अधिवेशनात प्रश्न लागला. चांदणीसकट. नानासाहेबांनी छापील कागद पाठवला आणि सोबत मराठीत मतलब. मंत्र्यांनी कबूल केलं की विहीर वाडीचीच आहे. नानासाहेबांनी पुरवणी प्रश्न विचारला की भरली घागर घेऊन किती वेळा टेकावं लागतं हे सरकारला ठाऊक आहे काय, आणि सभागृह हसलं नाही, गप्प झालं. महिनाभरात कुंपण विहिरीच्या पलीकडे सरकवण्यात येईल, असं उत्तर मिळालं. मी छापील कागदावर गोजाबाईचं नाव शोधलं. ते कुठेच नव्हतं. उंबरवाडी होती, नानासाहेब होते, मंत्री होते. तिचं नाव नाही हे पाहून एका क्षणापुरतं मला बरं वाटलं. तेवढं नीचपण माझ्यात शिल्लक होतं, तेही सांगतो.

तिला मी म्हटलं, "तुमचं नाव नाही छापलेलं."

"माजं नाव घिऊन काय करायचंय? हीर कदी येनार भाईर, ते वाचा."

दसऱ्याच्या आधी विहीर बाहेर आली. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, पहिली घागर गोजाबाईच्या नावाने शालनने ओढली. गोजाबाईला ओढता येत नव्हतं. ती कठड्याला टेकून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. रुक्मिणीबाईने विहिरीच्या पाण्याचा तांब्या आम्हा दोघांपुढे ठेवला आणि तीही चौकटीला टेकून ऐकत उभी राहिली. नानासाहेबांना आभाराचं पत्र लिहायचं होतं. स्टेशनावरून घरी आणलेली पेटी पुढे ओढून मी कागद घेतला.

"ल्ह्या. हीर मिळाली, पानी ग्वाड हाय. शालनचं प्वार बरं हाय. सव्वीस घरं तुमचं नाव घेत्यात." मी लिहिलं. "आन ल्ह्या, ज्यानं मधीच कोरट काढून आमचा उन्हाळा जाळला, त्येला मरताना पान्याचा थेंब मिळू नये."

टाक थांबला.

"ल्ह्या की. का? कागुद पुरत न्हाई?"

मी लिहिलं. सावकाश, वळणदार, एकही काना न चुकवता. मग टाक खाली ठेवून कागद दोन्ही हातांनी धरला. या वेळी तिने सांगायच्या आतच मी वाचायला लागलो. विहीर मिळाली, पाणी गोड आहे. शालनचं पोर बरं आहे. सव्वीस घरं आपलं नाव घेतात. पुढच्या ओळीशी आलो आणि कागदावर होतं तसंच वाचलं.

"'ज्याने मध्येच कोर्ट काढून आमचा उन्हाळा जाळला, त्या मारुतराव कोंडाजीला मरताना पाण्याचा थेंब मिळू नये.'"

चौकटीतल्या रुक्मिणीबाईच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. गोजाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. दावा, ते वाक्य, गाळलेलं नाव, दोन्ही वेळा. का केलं तेही सांगितलं. हेवा हा शब्द मी तोंडाने उच्चारला, आणि वीस वर्षं शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला तो उच्चारायला फार वेळ लागला.

मला वाटलं, शिव्या घालील. त्या घालायला आता नाव मिळालं होतं. पण तिने वाकडा हात कागदावर ठेवला. अंगठा टेकेना. मलाच तिचं मनगट धरून तो वळवावा लागला, शाई लावावी लागली, दाबावा लागला. ठसा नीट उमटला नाही. एका बाजूने फरफटल्यासारखा आला. त्याच्या शेजारी मी लिहिलं, 'वाचून दाखविले, समजले, कबूल'.

मग सवयीने टाक खाली नेला. 'लिहिणार' एवढा शब्द लिहून झाला होता, तेवढ्यात तिने त्याच हाताने कागद माझ्या पुढून ओढून घेतला.

"खाली नगं आता," गोजाबाई म्हणाली. "वर आलंय की एकदा तुमचं नाव."

ती कागद घेऊन निघून गेली. रुक्मिणीबाईने तांब्या उचलून आत नेला, आणि मी मोकळ्या पेटीपुढे बसून राहिलो. इतक्या थोड्या शब्दांत एवढं कसं सांगावं हे त्या बाईला कुणी शिकवलं, हाच विचार तेव्हाही माझ्या मनात होता, आणि त्याचाही मला हेवा वाटत होता.